पहिल्या पाळीचे न सांगता पडणारे खाडे: मोजायचे कसे, आवरायचे कसे?

भट्टी_शिरोली:
नमस्कार. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत शिफ्ट इनचार्ज आहे. मोल्डिंग आणि पोअरिंगला, म्हणजे साचे करायला आणि वितळलेला धातू त्यात ओतायला, मिळून पाळीला 42 माणसं लागतात. सकाळी सातला हजेरी घ्यावी तर चार-पाच जण नसतात, ना फोन ना निरोप. भट्टीत धातू तयार आणि लाडल (धातू ओतायचं भांडं) धरायला माणूस नाही. मग रात्रपाळीच्याच माणसाला डबल थांबवावं लागतं. रात्रभर तापलेल्या भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस परत लाडल उचलताना बघून माझ्या पोटात गोळा येतो. वरून सांगितलंय, प्रत्येकाचा ब्रॅडफर्ड फॅक्टर (गैरहजेरीचा गुणांक) काढा, 500 च्या वर गेला की मेमो द्या. कुणी वापरलाय का?

एचआर_भोसरी:
आम्ही वापरतो. मागच्या 52 आठवड्यांत माणूस किती वेळा गैरहजर राहिला त्याचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. टायफॉइडने सलग दहा दिवस घरी राहिला तर 1 × 1 × 10 = 10. सुटे दहा खाडे केले तर 10 × 10 × 10 = 1000. सुटे खाडे लगेच नजरेत येतात, एवढंच त्याचं काम. कारण तो सांगत नाही, म्हणून नुसत्या आकड्यावर मेमो काढू नका.

टाइमऑफिस_कागल:
दादा, माझं निम्मं आयुष्य मस्टर (हजेरीपट) बघण्यात गेलंय, म्हणून कळकळीने सांगते. आधी सांगून घेतलेली रजा आणि न सांगता पडलेला खाडा यांना मस्टरवर वेगळी खूण करा. महिन्याची सरासरी बघू नका. 42 पैकी 5 नाहीत म्हणजे त्या पाळीला जवळजवळ 12 टक्के, आणि महिन्याच्या आकड्यात ते बुडून जातं. पाळी, वार आणि माणसाचं गाव, तिन्ही शेजारी मांडा.

आमच्याकडे मांडल्यावर दिसलं की एकाच भागातली पोरं एक आठवडा आड गळतात. शेतीची वीज त्यांच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोनला मोटर चालू करून उसाला पाणी पाजणारा माणूस सातला गेटवर येणार कसा? कोअर शॉपमधल्या (साच्यातले वाळूचे गाभे करतात तिथल्या) एकाचे सगळे खाडे त्याच आठवड्यांतले निघाले. मेमो देऊन वीज दिवसा येत नाही. त्या आठवड्यात त्यांना दुसरी पाळी दिली आणि आदल्या संध्याकाळपर्यंत आपसात पाळी बदलायची मुभा दिली. भातलावणीच्या दिवसांसाठी बदली माणसं आधीच सांगून ठेवतो. आणि खाड्यानंतर माणूस आला की सुपरवायझरने बाजूला घेऊन पाच मिनिटं बोलायचंच, आवाज न चढवता. घरचं आजारपण, दारू, सावकार, सगळं तिथेच कळतं.

एवढं करूनही जो ऐकत नाही, त्याला जरूर मेमो द्या. त्याच्या वाटचं ओझं शेजारचा उचलतोय.

कामगार_प्रतिनिधी:
ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) आजारपणाच्या दाखल्याचे दिवस ब्रॅडफर्डच्या हिशेबात धरू नका. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला काढता येत नाही, शिक्षाही करता येत नाही. शिवाय हा लाभ मजुरीच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत, आणि नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस साधारणपणे कोरडेच जातात. त्यामुळे एक दिवसाच्या तापासाठी कुणी दवाखान्याच्या रांगेत उभं राहत नाही. कागद नाही म्हणजे खोटं बोलतोय असं धरू नका.

भट्टी_शिरोली:
ताई, तीन महिन्यांचं मस्टर आज काढलं. पाच जणांतले तिघे एकाच गावचे आहेत. त्या गावच्या फीडरचं (वीजवाहिनीचं) वेळापत्रक उद्या मागवतो. पाळी आपसात बदलली तर ओव्हरटाइमचा हिशेब तुम्ही कसा धरता?