श्रीखंड घरीच करा

पैशाची ओढाताण सुरू झाली की सणाचं गोडधोड आधी बंद होतं. श्रीखंड तरी सोडू नका हो! एक लिटर म्हशीच्या दुधाचं दही लावलं की साधारण ४०० ग्रॅम चक्का मिळतो. साखर ३०० ग्रॅम पुरे. दही ताजंच हवं. उन्हाळ्यात फडक्यात बांधून बाहेर टांगलं तर रात्रीत आंबतं, म्हणून फडक्यासकट चाळणीत ठेवून फ्रिजमध्ये १० तास निथळू द्या. साखर मिसळून तासभर थांबा, ती विरघळली की पुरणयंत्रातून काढा. मिक्सर लावू नका, पातळ होतं. वेलदोडा, जायफळ पुरेसं आहे. केशरावाचून अडत नाही. निथळलेल्या पाण्यात थालिपिठाची भाजणी भिजवा, आंबूस चव फार छान लागते.