मराठी पंक गाणं: 180च्या वेगात शब्दच कळत नाहीत, काय करावं?

तळघर_कोथरूड:
चौघांचा बँड. गिटार, बेस, ड्रम आणि गायक. गाणं ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरवल्या जाणाऱ्या कामगारांवर आहे. वेग 180 बीपीएम (मिनिटाला 180 ठोके), ई-जी-ए-डी, सगळे पॉवर कॉर्ड. रेकॉर्डिंग ऐकलं की शब्दांचा नुसता गलका. पहिल्या दोन ओळी अशा:

व्यवस्थेच्या शोषणाचा, संघर्ष आमचा अखंड
विषारी वायू वासाने कळे, तरी उतरवती खाली

दुसऱ्या ओळीतच गायकाचा दम संपतो. वेग कमी करावा, शब्द कमी करावेत, की मिक्सिंगमध्ये काही होईल? ऑगस्टमध्ये पुण्यातच कार्यक्रम आहे, त्यात हलगीही घ्यायचा विचार आहे.

झीलकरी:
वेगाला हात लावू नका, आधी ती पहिली ओळ काढा. ते पत्रक आहे, गाणं नाही. 180ला चार ठोक्यांचा एक बार 1.33 सेकंदांत संपतो आणि त्यात अर्ध्या ठोक्याची आठ घरं असतात. 'व्यवस्थेच्या शोषणाचा' ही आठ अक्षरं, म्हणजे आठही घरं भरली. 'संघर्ष आमचा अखंड' नऊ. श्वास घ्यायचा कुठे? त्यातून व्य, स्थे, च्या, र्ष ही जोडाक्षरं ओरडताना चिरडतातच.

मोठ्या अभंगाचा साचा वापरा: 6-6-6-4, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. एका चरणाला एक बार. सहा अक्षरं झाली की दोन घरं दमाला उरतात. चौथ्या बारात अक्षरं चारच, उरलेली चार घरं मागच्या तिघांची. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी झील धरतात, म्हणजे मागून एकत्र सूर ओढतात, तीच जागा. पंकमधलं घोळक्यानं ओरडणं आपल्याला नवीन नाही.

झाकण उघडं
खाली अंधारात
दोर ना हातात
कोण गेला? (सगळे: नाव सांगा!)

घोळक्याची ओळ शक्यतो आ, ए, ओ वर संपवा. 'न्याय हक्क' म्हणताना तोंड मिटतं आणि आवाज तिथेच पडतो.

खालचा_स्ट्रोक:
साचा बरोबर, मोजणी अर्धवट. अभंग गाताना 'हातात' तीन अक्षरं भरतं, पण ओरडताना आपण 'हा-तात्' म्हणतो, दोनच. 'दोर ना हातात' कागदावर सहा, तोंडात चार. म्हणून नुसतं कागदावर मोजू नका. मेट्रोनोम 120ला लावून ओळ बोला, टाळी कुठल्या अक्षरावर पडते ते बघा, मग दहा-दहाने 180पर्यंत न्या. टाळी 'ना' आणि 'तात्'वर पडली पाहिजे. 'दोर'च्या मधेच पडली तर ओळ लंगडते.

शब्द बुडतात त्यात गिटारचाही वाटा आहे. अँपवर गेन (आवाज किती फाटवायचा ते) दहावर आणि मिड (मधले सूर) शून्यावर ठेवला की खोलीत एकट्यानं वाजवताना भारी वाटतं, बँडमध्ये नुसती घरघर. गेन 5-6, मिड 6-7. मिक्समध्ये गिटारचा 2 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा 2-3 डेसिबलनं खाली घ्या, व्यंजनं तिथेच ऐकू येतात. माइकची जाळी मुठीत धरायची सवय असेल तर ती आधी सोडवा. त्यानं आवाज कोंदतो आणि शिट्टी वाजते. रेकॉर्डिंगला घोळक्याची ओळ तिघांनी एकाच माइकभोवती हातभर अंतरावर उभं राहून, दर वेळी जागा बदलून चारदा म्हणा. बारा जणांचा आवाज मिळतो.

आणि गिटारचे सगळे स्ट्रोक खालीच मारत असाल तर 180ला सेकंदाला सहा होतात. कोपरातून हात हलला की तिसऱ्या कडव्यात तो दगड होतो. मनगटातून मारा.

गाळ_उपसा:
शब्दांइतकीच माहितीही तपासा. 'वायू वासाने कळे' हे धोकादायक चूक आहे. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण साधारण 100 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 100) नाक बधिर होतं आणि वास येणं थांबतं. माणसाला वाटतं हवा साफ झाली. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. दुसरं कडवं त्या दुसऱ्या माणसाचंच करा:

वास मेला आधी
मग मेला गडी
दुसऱ्याची उडी
वर कोण? (सगळे: ठेकेदार!)

'ठेकेदार' बंद अक्षरावर संपतो हे मान्य. 'दा' लांबवा, 'र' गिळा.

स्टेजवरच्या निवेदनात कायदा सांगणार असाल तर नीट सांगा. सुरक्षा साधनं न देता गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला हातानं मैला साफ करण्याविरुद्धच्या 2013च्या कायद्याच्या कलम 7 ने बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली 10 लाख ठरवली होती, ऑक्टोबर 2023मध्ये 30 लाख केली. आणि कचरावेचक म्हणजेच ड्रेनेज कामगार असं धरून चालू नका. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993पासून आहे, पण तुमच्या गाण्यातलं काम वेगळं.

तळघर_कोथरूड:
वासाची ओळ काढली. हलगीचं काय?

झीलकरी:
ऑगस्टात चामड्याचं पान ओलीनं उतरतं. स्टेजवर जायच्या आधी बाहेर शेकून घ्यावी लागते, तरी फार वेळ टिकत नाही, म्हणून हे गाणं सुरुवातीलाच ठेवा. फायबरचं पान ओलीला दबत नाही, पण त्याचा टणत्कार स्नेअरवर (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमवर) चढतो. दोन्हीत उपाय एकच: हलगी वाजत असेल तिथे ड्रमरनं हाय-हॅट (झांजांची जोडी) सोडून द्यायची, किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर तेवढे ठेवायचे. आणि हलगी बँडमधल्या कोणाच्या तरी गळ्यात शोभेला अडकवू नका. वाजवणाऱ्याला बोलवा, सरावाचेही पैसे द्या, पोस्टरवर नाव टाका.