हार्ड रॉकवरून न्यू वेव्हकडे जाताना सिंथ आणि गिटारचा गिचका

सांगलीची_चौकडी
चार जणांचा बँड, आजवर सगळं डिस्टॉर्शनवालं (गिटारचा फाटका, करकरीत आवाज). पुढचा अल्बम न्यू वेव्हकडे (सत्तरीच्या अखेरचं, सिंथ आणि स्वच्छ गिटारवालं रॉक) न्यायचाय. १५० बीपीएमच्या (मिनिटाला १५० ठोके) गाण्यात सिंथ (इलेक्ट्रॉनिक सूर काढणारा सिंथेसायझर) घातला की गिचका होतो, गायकाचे शब्दच कळत नाहीत. जवळ ऑर्केस्ट्रावाल्यांचा असतो तसला कीबोर्ड आणि लॅपटॉप आहे. काय बदलू?

खर्ज
सिंथ राहू दे, आधी गिटार आवरा. डिस्टॉर्शनमधला पॉवर कॉर्ड (दोन सुरांचा जाड कॉर्ड) आवाजाची सगळी मधली पट्टी खातो आणि गायकाचा आवाजही तिथेच असतो. डिस्टॉर्शन बंद, ब्रिज पिकअप (ब्रिजजवळचा, आवाज पकडणारा), वरच्या तीनच तारांवर कॉर्ड. स्ट्रोक मारला की डाव्या हाताचा दाब लगेच सैल करा. कंप्रेसर (मोठा-लहान आवाज सारखा करणारा) ४:१, मग कोरस (आवाज दुहेरी, लहरता करणारा इफेक्ट), शेवटी डिले (प्रतिध्वनी). डिलेचं गणित: मिनिटाचे ६०००० मिलिसेकंद भागिले १५० म्हणजे ४०० मिलिसेकंद, त्याचा पाऊण म्हणजे ३००. रिपीट दोनच ठेवा, तिसरा पुढच्या कॉर्डवर चढतो.

मिरज_जंक्शन
लॅपटॉपवरच्या सिंथमध्ये दोन सॉटूथ (करवतीच्या दातांसारख्या लहरीचे सूर) घ्या, एक ७ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा केसभर हलल्या की हेलकावे येतात ना, तेच हे. २२० हर्ट्झला सेकंदाला साधारण एक हेलकावा पडतो, कानाला गोड. पण ५५ हर्ट्झला तोच साडेचार सेकंदांनी एक, म्हणजे बेस मध्येच गायब! म्हणून खालच्या सुरांना डिट्यून (असा सूर सरकवणं) नको. सिंथचं २०० हर्ट्झखालचं कापून टाका, ती जागा बेस गिटारची.

ठेका_सोडू_नका
ड्रमरला कुणी विचारलंच नाही. क्रॅश झांज जवळजवळ बंद, टॉम ड्रमचे रोल बंद, हाय-हॅटवर (पायाने मिटणारी झांजांची जोडी) सरळ आठ ठोके. ब्लाँडी या अमेरिकन बँडचा १९७८चा ‘पॅरलल लाइन्स’ अल्बम ऐका. त्यातल्या ‘हार्ट ऑफ ग्लास’मध्ये रोलँड सीआर-७८ हे ठेका-यंत्र आहे आणि त्यांचा ड्रमर क्लेम बर्कचे खरे ड्रमही. मशीन थांबत नाही, माणूस फिलमध्ये (ठेक्यामधल्या भरणीत) पळतो. म्हणून क्लिक (लय धरायची टिकटिक) ड्रमरच्या हेडफोनमध्येच द्या, मॉनिटरमध्ये सोडलात तर माइकमधून रेकॉर्डिंगवर येते.

सांगलीची_चौकडी
गिटार बदलून पाहिली, शब्द सुटे झाले. पण हॉलच्या पीएवर (स्पीकर यंत्रणेवर) कोरस नाहीसा होतो आणि लॅपटॉप जोडला की घुंऽऽ येतं.

खर्ज
पीए मोनो (डावं-उजवं एकत्र करणारा) असणार. काही स्टिरिओ कोरसमध्ये दुसऱ्या आउटपुटला इफेक्ट उलटा असतो. दोन्ही एकत्र झाले की कोरस कटतो, कोरडी गिटार उरते. एकच आउटपुट जोडा.
घुंऽऽसाठी चार्जर काढून बघा. थांबलं तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी अर्थिंग जुळल्याची घुरघुर): लॅपटॉप आणि मिक्सरमध्ये डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवणारी पेटी), त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलचं ग्राउंड तोडणारं) बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणी काही सांगितलं तरी काढायची नाही, शॉक बसतो.