मदत हवी आहे: फोनवरून घरचा पीसी चालू करून काम लावायचंय

विट्याचा_कॅमेरा
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. घरी पीसी आहे, मी दिवसभर बाहेर असतो. फोनवरून पीसी चालू करायचा आणि त्याच्यावर एक काम लावायचं, एवढंच पाहिजे. वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून हाक मारून बंद पीसी उठवायची सोय) करून बघितलं, होत नाही. प्ले स्टोअरवरची ॲप टाकून बघितली, घरात बसून पण चालत नाहीत. यूट्यूबवर जो तो सांगतो बायोसमध्ये (पीसीच्या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जा आणि एनेबल करा, ते केलंय. एनीडेस्क टीमव्ह्यूअर (लांबून पीसीची स्क्रीन चालवायची ॲप) कृपया सांगू नका, पीसी बंदच असेल तर त्याचा काय उपयोग. लग्नसराई तोंडावर आलीय, जाणकारांनी लवकर सांगा.

कोकणकडा
विंडोज १० की ११? पीसी केबलवर आहे का वायफायवर? बंद म्हणजे शटडाउन का स्लीप? "एक काम" म्हणजे नक्की काय? राउटर कुठे आहे? एवढं कळल्याशिवाय कुणीही काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

आरती_पु
मी पुण्यातून आईचा चिपळूणचा लॅपटॉप एनीडेस्कने चालवते, तिची लाइट बिलं भरते, गॅसचं बुकिंग करते, काही त्रास नाही. पासवर्ड सेट करून ठेवायचा म्हणजे तिकडे कुणाला ओके दाबावं लागत नाही. पीसी बंद करूच नका, स्क्रीन तेवढी बंद होऊ द्या.

निवृत्त_बँकवाले
आरतीताई, चांगली सोय आहे, पण आईंना एक नक्की सांगून ठेवा. कुणीही फोन करून "बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका आणि नऊ आकडी नंबर सांगा" म्हणालं तर फोन ठेवायचा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये याच ॲपच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. ॲपचा दोष नाही, पण नंबर दिला की समोरच्याच्या हातात सगळा फोन जातो. माझ्या ओळखीत एका बाईंची एफडी मोडून पैसे गेले. धाग्याचा विषय नाही, पण राहवलं नाही.

विट्याचा_कॅमेरा
विंडोज ११. शटडाउन. काम म्हणजे प्रॉक्सी बनवायच्या, मी लग्नाचं शूटिंग करतो. रात्री येऊन कार्डं पीसीवर उतरवतो आणि सकाळी सहाला परत निघतो. फोर-के फुटेज थेट एडिटला घेतलं की टाइमलाइन अडकते, म्हणून आधी त्याच्या हलक्या फाइली कराव्या लागतात आणि त्याला तासन् तास जातात. दिवसभर मशीन रिकामं पडून असतं, तेवढ्यात झालं तर रात्री बसल्या बसल्या एडिट सुरू करता येईल.

सुमेध_गो
मग सकाळी निघतानाच काम लावून जा ना दादा? फोन कशाला मध्ये?

विट्याचा_कॅमेरा
लाइट जाते हो. यूपीएस दहा मिनिटं धरतो, मग पीसी आपोआप शटडाउन होतो. लाइट कधी दुपारी येते कधी चारला. आईला फोन केला की कळतं आली का नाही ते, पण पीसी वरच्या मजल्यावर आहे आणि तिच्या गुडघ्याला जिना झेपत नाही. तिला बटण दाबायला वर पाठवणार नाही. म्हणून फोनवरून पाहिजे.

नेटकर_नाशिक
सोपं आहे. राउटरमध्ये यूडीपी पोर्ट ९ फॉरवर्ड करा म्हणजे बाहेरून आलेलं पीसीकडे वळतं, डायनॅमिक डीएनएस लावा म्हणजे आयपी बदलला तरी घर सापडतं, बाहेरून उठवायचं पॅकेट पाठवा, पीसी चालू. नंतर विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट ३३८९ उघडा आणि त्याने आत जा. माझं किती वर्षं असंच चाललंय. उगाच दहा ॲप टाकायची गरज नाही.

कोकणकडा
३३८९ उघडं ठेवायचा सल्ला कृपया देऊ नका. उघडं पोर्ट दिसलं की बाहेरचे बॉट पासवर्ड मारत बसतात, रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) शिरायची ती ठरलेली वाट आहे. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधलं ब्लूकीप नावाचं भोक निघालं तेव्हा तर पासवर्डसुद्धा लागत नव्हता, मायक्रोसॉफ्टने एक्सपीसारख्या कधीच्या बंद केलेल्या विंडोजला पण पॅच दिला होता. यांच्या पीसीवर लोकांच्या लग्नांचं फुटेज आहे, ते लॉक झालं तर लग्न परत लावता येत नाही. शिवाय विंडोज होम असेल तर रिमोट डेस्कटॉपने त्याच्यात शिरताच येत नाही, त्याला प्रो लागतं.

आणि पोर्ट फॉरवर्ड मुळात चालणार का ते पण बघावं लागेल. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी कंपनीने अनेक घरांत वाटलाय. मग तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरचं पॅकेट तुमच्या दारापर्यंत येतच नाही.

नेटकर_नाशिक
मी पैसे भरून स्टॅटिक (न बदलणारा, स्वतःचा) आयपी घेतलाय, मला सीजीनॅटचा प्रश्न नाही. ज्याला नीट काम पाहिजे त्याने तो घ्यावा. आणि पासवर्ड मोठा ठेवला, अपडेट वेळेवर केले की काही होत नाही.

कोकणकडा
मोठ्या पासवर्डचा ब्लूकीपला काही अडथळा नव्हता, तेच वर लिहिलंय. असो, विटा विचारतायत, नाशिक नाही.
विट्याचे दादा, केबल का वायफाय? हा प्रश्न राहिलाच.

विट्याचा_कॅमेरा
वायफाय. राउटर खाली हॉलमध्ये आहे, पीसी वर. यूएसबीचं डोंगल लावलंय मागे. स्पीड चांगला येतो.

कोकणकडा
तिथेच अडलंय. शटडाउन केल्यावर डोंगल झोपतं, त्याला कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. वेक ऑन लॅनला मदरबोर्डवरचं लॅन पोर्ट लागतं, ते थोड्या स्टँडबाय करंटवर जागं राहतं. ॲप जे पाठवतं ते मॅजिक पॅकेट म्हणजे १०२ बाइटचा तुकडा, सुरुवातीला सहा बाइट एफएफ आणि पुढे तुमच्या लॅन कार्डचा मॅक पत्ता (त्याचा ओळख क्रमांक) १६ वेळा. कार्डाला स्वतःचा पत्ता दिसला की ते बोर्डाला उठवतं. तुम्ही ॲपमध्ये डोंगलचा मॅक टाकला असणार, पोर्टचा वेगळा असतो.

आधी खालून वर केबल ओढा. शंभर मीटरपर्यंत चालते, तुम्हाला वीस मीटर पण लागणार नाही. मग बायोसमध्ये ईआरपी नावाचं वीज वाचवायचं काही असेल तर ते बंद करा, ते चालू असलं की स्टँडबाय करंटच तुटतो. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण ते चालू असताना शटडाउन हे खरं शटडाउन नसतं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधल्या टिका लावा.
आणि एक खूण सांगतो. शटडाउन केल्यावर पीसीच्या मागे जाऊन लॅन पोर्टचा छोटा दिवा बघा. तो जळत किंवा लुकलुकत असेल तर कार्ड जागं आहे. विझलेला असेल तर ॲप बदलत बसू नका, बायोसमध्येच काहीतरी राहिलंय.

सुमेध_गो
लॅन झालं तरी मॅजिक पॅकेट घरच्या घरातच फिरतं. हे मंगल कार्यालयातून मोबाइल डेटावर असणार. घरात चोवीस तास चालू असलेलं काहीतरी लागेल जे आतून पॅकेट सोडेल. जुना अँड्रॉइड फोन पडलाय का? एफ-ड्रॉइड या ॲप स्टोअरवरून टर्मक्स (फोनवर कमांड चालवायचं ॲप) टाका, त्यात वेकऑनलॅनचं पॅकेज टाका, आणि टेलस्केल (तुमची यंत्रं खाजगी नेटवर्कने जोडणारं ॲप) टाका. तुमच्या रोजच्या फोनवर पण टेलस्केल. दोन्ही फोन आतून बाहेर जोडणी करतात म्हणून सीजीनॅट असलं तरी चालतं, पोर्ट उघडावं लागत नाही. जुन्या फोनला सांगायचं पॅकेट सोड, तो सोडतो, पीसी उठतो. जाता जाता, टेलस्केल पण १०० ने सुरू होणारेच आयपी देतं, ते बघून सीजीनॅट समजू नका.

आरती_पु
जुना फोन कायम चार्जरला ठेवू नका पण. आमच्याकडे सीसीटीव्ही बघायला ठेवलेला फोन फुगला, मागचं झाकण उचकटून वर आलं होतं. चार्जरला टायमर लावा नाहीतर रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घ्या.

मिस्त्री_इचलकरंजी
एवढं सगळं कशाला. मी हार्डवेअरवाला आहे, रोजचं काम आहे हे. बायोसमध्ये "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" असतं, ते "पॉवर ऑन" करा. लाइट आली की पीसी आपोआप चालू. फोन नको, केबल नको, टेलस्केल नको. लाइट न जाता कधी चालू करायचा असेल तर स्मार्ट प्लग घ्या १६ अँपिअरचा, फोनवरून बंद करून परत चालू केला की बोर्डाला वाटतं लाइट जाऊन आली.

कोकणकडा
मिस्त्रीदादा, हे चांगलं आहे, पण यांचा यूपीएस आहे ना. समजा पीसी दहाव्या मिनिटाला शटडाउन झाला आणि यूपीएसमध्ये अजून जीव आहे, तेवढ्यात लाइट आली. मग बोर्डाच्या दृष्टीने लाइट गेलीच नाही, पीसी पडूनच राहणार. आणि स्मार्ट प्लगने चुकून चालू पीसीची लाइट तोडली तर कॉपी चालू असताना डिस्कचं काय होईल?

मिस्त्री_इचलकरंजी
यूपीएस पूर्ण उतरला तर चालू होणार, नाही उतरला तर नाही, हे बरोबर. म्हणून प्लग यूपीएसच्या पुढे लावायचा, यूपीएस आणि पीसीच्या मध्ये. आणि प्लग बंद करण्याआधी पीसी खरंच बंद आहे का ते बघायचं. पण तुमच्या वेक ऑन लॅनला पण एक खोट आहे, ती सांगा की. काही बोर्डांवर लाइट पूर्ण जाऊन आली की पीसी एकदा बूट होईपर्यंत लॅन कार्ड उठतच नाही. माझ्याकडे असे बोर्ड येतात. नेमकं लाइट गेल्यावरच यांना पाहिजे आणि नेमकं तेव्हाच चालणार नाही.

सुमेध_गो
म्हणजे दोन्ही लावा. लाइट पूर्ण गेली तर बायोस उठवेल, नुसता शटडाउन झाला असेल तर मॅजिक पॅकेट. राउटर आणि जुना फोन इन्व्हर्टरवर पाहिजेत मात्र.

विट्याचा_कॅमेरा
राउटर इन्व्हर्टरवरच आहे. केबल ओढली काल, दिवा लुकलुकतोय, घरातून पीसी उठला! मग जुन्या फोनवर टर्मक्स आणि टेलस्केल टाकून बाहेरून मोबाइल डेटावर पण उठवला. मनापासून आभार सगळ्यांचे.
आता पुढचं. विंडोजमध्ये ओपनएसएसएच सर्व्हर (लांबून कमांड द्यायची सोय) चालू केला, पीसीवर पण टेलस्केल टाकलं, फोनवरून कमांड देऊन मीडिया एन्कोडर (प्रॉक्सी बनवायचा ॲडोबीचा प्रोग्रॅम) उघडतो. एरर येत नाही, टास्क मॅनेजरमध्ये नाव दिसतं, पण स्क्रीनवर खिडकीच येत नाही आणि काम पण होत नाही. आणि कार्यालयात रेंज गेली की सगळंच बंद पडतं. हे काय आहे?

कोकणकडा
एसएसएचने जे उघडता ते तुमच्या डेस्कटॉपवर उघडत नाही. सर्व्हिसेस वेगळ्या सेशनमध्ये चालतात, व्हिस्टापासून हे असंच आहे, त्या सेशनला स्क्रीनच नाही. आणि एसएसएच तुटलं की त्यातून सुरू केलेलं काम विंडोज मारून टाकतं. म्हणून प्रोग्रॅम थेट उघडू नका. टास्क शेड्युलरमध्ये (विंडोजची कामं ठरवून चालवायची सोय) एक टास्क करून ठेवा, त्यात "यूजर लॉगिन असेल तेव्हाच" हे निवडा, आणि फोनवरून फक्त ते टास्क सुरू करायची कमांड द्या. काम शेड्युलरच्या नावावर चालतं, तुमची रेंज गेली तरी त्याला फरक नाही.

सुमेध_गो
पण पीसी नुकताच बूट झालाय, लॉगिन कोण करणार? ऑटो लॉगिन ठेवलं तर घरात येणारा कुणीही बसेल. प्रॉक्सीच करायच्या आहेत तर एफएफएमपेग वापरा दादा, व्हिडिओ बदलायचा कमांडवर चालणारा प्रोग्रॅम. खिडकी नाही, लॉगिनची गरज नाही. एक बॅच फाइल (ओळीने चालणाऱ्या कमांडची यादी) करा, फोल्डरमधली प्रत्येक क्लिप घेऊन छोटी करून प्रॉक्सी नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची, नाव तेच ठेवायचं म्हणजे एडिटरला जोडता येतं. आणि आधी झालेली फाइल सोडून पुढे जा असं लिहा, म्हणजे मध्येच लाइट गेली तर परत पहिल्यापासून नाही. फक्त जी अर्धवट राहिली असेल ती पूर्ण झालीय असं समजून सुटू नये म्हणून आधी वेगळ्या नावाने बनवा आणि संपल्यावर नाव बदला.

नेटकर_नाशिक
मीडिया एन्कोडरमध्ये वॉच फोल्डर असतं. फोल्डरमध्ये फाइल पडली की आपोआप एन्कोड. ऑटो लॉगिन ठेवा आणि हे लावा, कमांडची झंझट नाही. सगळ्यांना बॅच फाइल लिहिता येत नाही.

सुमेध_गो
ऑटो लॉगिनचंच तर म्हणतोय मी. बॅच फाइल मी लिहून देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

विट्याचा_कॅमेरा
सुमेधची फाइल मिळाली, टास्कमध्ये "लॉगिन असो नसो" निवडलं. घरी बसून चालते. पण आज विट्यात लाइट गेली आणि लगेच दोन मिनिटांत आली, पीसी बंद पण झाला नव्हता, तरी टास्क मध्येच थांबलेलं दिसलं. यूपीएस ठीक आहे. असं का?

मिस्त्री_इचलकरंजी
यूपीएसची यूएसबी वायर पीसीला जोडलीय का?

विट्याचा_कॅमेरा
हो, त्यानेच तर आपोआप शटडाउन होतो.

मिस्त्री_इचलकरंजी
मग विंडोजला तो यूपीएस बॅटरीसारखा दिसतो. टास्क उघडा, कंडिशन्समध्ये जा. "एसी पॉवरवर असेल तरच सुरू कर" आणि त्याच्या खाली "बॅटरीवर गेला तर थांबव" अशा दोन टिका आधीपासूनच असतात. दोन्ही काढा. डेस्कटॉपवाल्याला हे सुचत नाही कारण तो म्हणतो आपल्याला कुठे बॅटरी आहे.

विट्याचा_कॅमेरा
होत्या दोन्ही. काढल्या. मेन स्विच पाडून बघितला, काम चालू राहिलं. उद्या तासगावला लग्न आहे, तिथून लावून बघतो.

आरती_पु
काम संपल्यावर टेलिग्रामवर मेसेज येईल असं पण करता येतं का सुमेध? मला आईच्या लॅपटॉपच्या बॅकअपसाठी हवंय.

सुमेध_गो
येतं, बॅचच्या शेवटी एक ओळ लागते, टेलिग्रामच्या बॉटचं टोकन (त्याची गुप्त किल्ली) घेऊन ठेवा. टोकन इथे चिकटवू नका, व्यनि करा.