मदत हवी आहे: इंजिन सुरू होताच स्पीकरमधून शिट्टी, आणि वूफर लावल्यावर ॲम्प तापून बंद पडतो

राम राम मंडळी,

इंदूरला राहतो. गाडी पेट्रोल हॅचबॅक. स्टिरिओ कंपनीचाच ठेवलाय, तो काढला तर स्टिअरिंगवरची बटणं बिनकामाची होतात. त्याच्या स्पीकरच्या वायरींवरून हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकरचा जोरदार सिग्नल ॲम्पला चालेल इतका हलका करणारी डबी) घेऊन चार चॅनलचा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, बसवून घेतला. ॲम्प ४ ओहमला प्रत्येक चॅनल ७५ वॉट आरएमएस (सतत देता येणारी ताकद), २ ओहमला ११०, आणि दोन चॅनल ब्रिज केले (जोडून एक केले) तर ४ ओहमला २२०. पुढचे दोन चॅनल दारातल्या स्पीकरना, मागचे दोन ब्रिज करून वूफरला (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर). वूफर १२ इंची, डबल कॉइल, प्रत्येक कॉइल ४ ओहम, ३०० वॉट आरएमएस (खोक्यावर १२०० वॉट छापलंय!). बंद पेटी, डिकीत.

डीजेचा दणका मला नकोय. आमच्या घरी पखवाजाचं वेड आहे, पखवाजवादक नाना पानशांच्या इंदुरात ते असायचंच. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा ‘धा’ दारातल्या स्पीकरमधून नुसता ‘टप्प’ असा येतो. त्याची घुमारी ऐकायची म्हणून हा सगळा खटाटोप.

अडचण पहिली: इंजिन सुरू झालं की बारीक शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की चढते, सोडला की उतरते. व्हॉल्यूम शून्यावर असला तरी तेवढीच. नुसती चावी फिरवली आणि इंजिन बंद असलं तर अजिबात नाही. दरबारीचा आलाप चाललाय, तानपुरा लागलाय, आणि सिग्नल सुटला की ही शिट्टी षड्जाला सोडून वर वर सरकत जाते. ऐकवत नाही.

अडचण दुसरी: वूफर जरा मोठ्याने वाजवला की अर्ध्या तासात, दुपारी तर त्याच्याही आधी, ॲम्पचा लाल दिवा लागतो आणि सगळंच बंद. हात लावला तर चटका बसतो.

बसवणारा म्हणतो, “भिया, एक फेरेड का कपॅसिटर डलवा लो, दोनों ठीक हो जाएगा.” पैसे घालायच्या आधी इथल्या जाणकारांना विचारतोय. पॉवर केबल ८ गेज, बॅटरीजवळ फ्यूज आहे. पॉवर केबल आणि आरसीए (ॲम्पला आवाजाचा सिग्नल नेणारी वायर) दोन्ही ड्रायव्हरच्या बाजूनेच मागे नेल्यात. अर्थची (ॲम्पची निगेटिव्ह) वायर मागच्या सीटच्या बोल्टला. मल्टिमीटर घरी आहे, वापरता येतो.

प्रतिसाद, बडोद्याहून

कपॅसिटर (थोडी वीज साठवून लागेल तेव्हा सोडणारा डबा) घेऊ नका. १ फॅरडच्या कपॅसिटरचं व्होल्टेज १ व्होल्टने उतरलं की तो १ कुलंब देतो, म्हणजे ४० अँपिअर फक्त सेकंदाचा चाळिसावा भाग. तुमची एकही तक्रार त्याच्या हातातली नाही.

आधी लाल दिवा. कॉइल कशा जोडल्यात ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण लक्षणं पॅरललची आहेत. ४ आणि ४ ओहम पॅरललमध्ये २ ओहम. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला ओहम निम्मेच दिसतात, म्हणजे १ ओहम, आणि ओहम जितके कमी तितका ॲम्पवर ताण जास्त. तुमचा ॲम्प चॅनलमागे २ ओहमपर्यंतच झेपवणारा. तो बंद पडतोय हे चांगलंच आहे, नाहीतर जळला असता.

दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोडा. ८ ओहम झाले, ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला ४ दिसतील, ७५ अधिक ७५ असे १५० वॉट मिळतील. ‘३०० वॉटच्या वूफरला १५० कसे पुरतील’ ही भीती काढून टाका. २२० आणि १५० यांत फरक पावणेदोन डेसिबलच्या आत आहे, कानाला जेमतेम कळेल. कमी पॉवरने वूफर जळत नाही. ॲम्पला ताकदीपलीकडे ताणून आवाज फाटायला लागला की जळतो. दुकानात नवा मोठा ॲम्प गळ्यात मारतात तो याच भीतीवर. पूर्ण २२० हवेच असतील तर ॲम्प बदलू नका, २ ओहमच्या डबल कॉइलचा वूफर घ्या आणि सिरीज करा, ४ ओहम होतील.

ॲम्पवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब. वूफर काढून ठेवा, स्टिरिओचे बेस-ट्रेबल मध्यावर, व्हॉल्यूम तीन-चतुर्थांश, ५० हर्ट्झचा टोन लावा आणि ब्रिजच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजत गेन वाढवा. १५० वॉट गुणिले ८ ओहम म्हणजे १२००, त्याचं वर्गमूळ साधारण ३४.६ व्होल्ट. मीटर ३४ च्या आसपास आला की थांबा.

आता शिट्टी. कान दाराशी न्या, मग डिकीत. माझी खात्री आहे ती वूफरमधून येत नाही. ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या जनित्राची; त्याच्या एका फेऱ्यात सहसा ३६ लहरी येतात. इंजिन ८०० आरपीएमवर असताना अल्टरनेटर २००० च्या आसपास फिरतो, म्हणजे सुमारे १२०० हर्ट्झ. वूफरचा लो-पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर असेल तर एवढं वरचं काही तिथून बाहेर पडणार नाही. वूफरमधूनच ऐकू आली तर लो-पासचा खटका बंद राहिलाय.

व्हॉल्यूम शून्यावरही येते, म्हणजे स्टिरिओच्या पुढे कुठेतरी शिरतेय. ॲम्प बंद करून आरसीएच्या पिना काढा, मग ॲम्प चालू करून इंजिन सुरू करा. शिट्टी गेली तर कन्व्हर्टर, आरसीए आणि अर्थ यांच्या फेऱ्यात दोष आहे, राहिली तर ॲम्पमध्येच. पिना लावून, गाणं मोठ्याने चालू ठेवून, बॅटरीच्या निगेटिव्हपासून ॲम्पच्या अर्थ टर्मिनलपर्यंत डीसी व्होल्ट मोजा. ०.१ च्या वर आले तर आधी अर्थ सुधारा. आणि ॲम्पच्या पुस्तिकेत हाय लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरी थेट घेणारा) आहे का पाहा. असेल तर कन्व्हर्टर हवाच कशाला? कंपनीच्या स्टिरिओत स्पीकरची निगेटिव्ह वायर अर्थला जोडलेली नसते, स्वस्त कन्व्हर्टर ती जोडलेलीच आहे असं धरून चालतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

प्रतिसाद, ग्वाल्हेरहून

वरच्यांनी बहुतेक सगळं सांगितलंय. एक राहिलं. ८ गेजच्या केबलचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी दिसलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. अस्सल तांब्याची ८ गेज ५ मीटरला ४० अँपिअरवर सुमारे ०.४ व्होल्ट खाते, मुलाम्याची त्याच्या दीडपट किंवा जास्त. बदलणार असाल तर ४ गेज (आकडा लहान तितकी वायर जाड) तांब्याचीच घ्या, आणि अर्थची वायरही तेवढीच जाड.

धागाकर्ता

मनापासून आभार दोघांचेही. शिट्टी खरोखरच दारातल्या स्पीकरमधून येत होती. पिना काढल्या की गायब. अर्थला ०.४६ व्होल्ट! बोल्ट काढून पाहिला तर खाली गाडीचा रंग जसाच्या तसा. वायरच्या टोकाच्या थिंबलच्या दातांनी रंगावर दोन चरे पाडले होते, तेवढाच काय तो पत्र्याशी संबंध. डिकीच्या तळाशी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, फूटभर वायर, नवा बोल्ट, वरून ग्रीस. आता ०.०४. शिट्टी निम्म्याहून कमी झाली. मग पुस्तिकेत हाय लेव्हल इनपुट सापडला, कन्व्हर्टर आणि आरसीए दोन्ही काढून टाकले, आणि ती पूर्ण गेली.

कॉइल पॅरललच होत्या. मीटरवर १.८ ओहम दाखवत होते, सिरीज केल्यावर ७.१. भर दुपारी खंडवा रोडने जाऊन आलो, लाल दिवा नाही, ॲम्प कोमट. ‘धा’ आता पाठीला जाणवतो. केबल मात्र चंदेरी निघाली, ती बदलतोय.

राहिलेले प्रश्न दोन. ऑक्सच्या वायरने फोन लावून तोच चार्जिंगला टाकला की हलकी कुईकुई येते, त्याला आयसोलेटर (मधला विजेचा थेट संबंध तोडणारी डबी) लावू का? आणि मोठ्या थापेला मागची नंबर प्लेट खडखडते.

प्रतिसाद, बडोद्याहून

स्वस्त आयसोलेटरमधला ट्रान्सफॉर्मर लहान असतो, तो खालचे सूर खातो. पखवाजासाठी नकोच. पेन ड्राइव्हवर गाणी घ्या किंवा ब्लूटूथ लावा, चार्जरचा आणि आवाजाचा संबंधच तुटेल. नंबर प्लेटच्या मागे चारही कोपऱ्यांना फोमची दुहेरी टेप लावा. तरी खडखडली तर डिकीच्या दाराच्या आतलं प्लास्टिक दाबून पाहा, बहुतेक त्याचीच एखादी क्लिप तुटलेली असेल.