पदवी नाही, पण पंधरा वर्षांचा अनुभव आहे: अशा माणसाला इंजिनिअरची पात्रता द्यावी का?

रबाळे_मेंटेनन्स
दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत रात्री दोनला कॉम्प्रेसर बंद पडला की फोन जातो तो आयटीआय झालेल्या माणसाला. त्याच कारखान्यात इंजिनिअरची जागा निघाली की जाहिरातीची पहिली ओळ असते 'बी.ई. किंवा डिप्लोमा', आणि त्याचा अर्ज उघडलाही जात नाही. नोकरी करत वर चढायला पूर्वी एएमआयई होतं. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या सेक्शन ए आणि बी परीक्षा दिल्या की ती पदवीच्या बरोबरीची धरत. ती मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांनाच राहिली. नंतरच्यांना ती वाट बंद.

ब्रिटनमध्ये इंजिनिअरिंग कौन्सिलकडे तंत्रज्ञ, इनकॉर्पोरेटेड आणि चार्टर्ड अशा पायऱ्या आहेत आणि पदवी नसलेल्यालाही त्या चढता येतात. ज्ञान, डिझाइन व अडचण सोडवणं, जबाबदारी, संवाद, व्यावसायिक बांधिलकी या पाच अंगांनी केलेल्या कामाचा अहवाल लिहायचा आणि मुलाखतीला बसायचं. आपल्याकडेही असं हवं. तुमचं मत मांडा.

फॉल्ट_लेव्हल
माझा विरोध आहे, आणि तो हातच्या कौशल्याला नाही. अनुभव सांगतो, 'इथे आधी काय बसवलं होतं'. परिस्थिती बदलली की तोच अनुभव घात करतो.

हिशेबच बघा. कारखान्यात ११ केव्हीचा ६३० केव्हीए ट्रान्सफॉर्मर आहे, दुय्यम बाजू ४३३ व्होल्ट, इम्पिडन्स (करंटला होणारा आतला अडथळा) ४.५ टक्के. फुल लोड करंट ८४० अँपिअर. त्याला ०.०४५ ने भागा, शॉर्ट सर्किट करंट येतो सुमारे १८.७ केए (किलोअँपिअर). पॅनेलमधले २५ केएचे एमसीसीबी, म्हणजे २५ केएपर्यंतचा करंट तोडू शकणारे ब्रेकर, चालतात. लोड वाढला, १००० केव्हीए आणला, इम्पिडन्स ५ टक्के. आता फुल लोड १३३३ अँपिअर, फॉल्ट (शॉर्ट सर्किट) करंट २६.७ केए. वरच्या, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूचा इम्पिडन्स धरला तर थोडा कमी, चालू मोटरी धरल्या तर थोडा जास्त. म्हणजे तेच २५ केएचे ब्रेकर काठावर आले. मेन बसबारजवळ (पॅनेलमधल्या मुख्य वाहक पट्ट्यांजवळ) फॉल्ट झाला तर ब्रेकर करंट तोडू शकणार नाही, आर्क आतच राहील आणि केसिंग फुटेल. अनुभवी माणूस नवीन केबल टाकेल, लग्ज (केबलच्या टोकाच्या जोडण्या) घट्ट करेल, मेगर घेईल (इन्सुलेशन मोजेल), सगळं बिनचूक. ब्रेकरवरचा केएचा आकडा तो वाचणार नाही, कारण इतकी वर्षं त्या आकड्याने कधी त्रासच दिला नाही.

तीन_फेज
हिशेब बरोबर. पण तो शिकवायला चार वर्षं लागत नाहीत, तुम्ही एका परिच्छेदात शिकवलात.

आता दुसरी बाजू. मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होते आहे. नवशिका पदवीधर रिलेची सेटिंग वाढवतो, ट्रिपिंग थांबतं, वाइंडिंग मात्र भाजत राहतं. जाणकार आधी टर्मिनलवर तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजतो, मग तिन्ही करंट. व्होल्टेजमधला असमतोल करंटमध्ये सहा ते दहा पटीने दिसतो. २ टक्क्यांचा फरक तिथे १२ ते २० टक्के होतो. दोष सप्लायचा की मोटरचा, हे ठरवायला डीओएल स्टार्टरच्या (मोटर थेट लाइनवर चालू करणाऱ्या) आउटगोइंगला तिन्ही लीड एकेक घर पुढे सरकवायच्या. तिन्ही एकाच दिशेने सरकल्यामुळे फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्तीचा करंट सप्लायच्या आधीच्याच लाइनवर राहिला, तर दोष सप्लायकडे: सैल जॉइंट, कॉन्टॅक्टरचा खड्डे पडलेला पोल, एका फेजवर चढवलेला सिंगल फेज लोड. मोटरच्या त्याच टर्मिनलवर राहिला, तर दोष तिथून पुढे: मोटरची केबल किंवा वाइंडिंग. वीस मिनिटांचं काम, आणि मोटर वाचते.

हे ज्याला जमतं त्याला इंजिनिअर म्हणायला आपल्या देशात कायद्याची आडकाठीसुद्धा नाही. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, इंजिनिअरच्या नोंदणीसाठी तसा केंद्रीय कायदा नाही.

सिक्स_जी
वेल्डिंगमध्ये हा प्रश्न कधीच सुटला आहे. तिथे पदवी कुणी विचारत नाही, टेस्ट कूपन (चाचणीसाठी वेल्ड केलेला तुकडा) विचारतात.

पाइप ४५ अंशांत तिरका बांधून, न फिरवता वेल्ड करायचा, हीच सिक्स-जी टेस्ट. मोलाचं आहे ते प्रमाणपत्रावर लिहिलेलं क्षेत्र. एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डिंगच्या अमेरिकन नियमावलीप्रमाणे आठ इंची पाइपावर पास झालेला वेल्डर ७३ मिमी आणि त्यावरच्या बाहेरच्या व्यासालाच पात्र. दीड इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ४८ मिमी, तो त्याच्या हाती द्यायचा नाही. दोन इंची कूपनवर पास झालेला मात्र २५ मिमीपासून वर सगळं करू शकतो. जाडीचंही तसंच: दोन इंची, शेड्यूल ८० या जाडीच्या पाइपाची भिंत साडेपाच मिमी, म्हणून पात्रता दुप्पट, ११ मिमीपर्यंत. सहा महिने ती प्रोसेस हाताळली नाही तर पात्रता संपली.

'फॉल्ट_लेव्हल' यांच्या आक्षेपाचं उत्तर मला यातच दिसतं. 'इंजिनिअर' असा मोघम कागद नकोच. काय करू शकतो, कुठवर, आणि कधीपर्यंत, एवढं लिहा. पदवीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

घणसोली_वायरमन
+१. इलेक्ट्रिकलमध्येही वायरमनचं परमिट आणि सुपरवायझरचं सक्षमता प्रमाणपत्र आहेच. त्याच्यावरची पायरी हवी आहे.

ऐरोली_एचआर
सगळे परीक्षेबद्दल बोलताहेत. घोडं त्याच्या आधीच अडतं, अनुभव सिद्ध करताना.

माणूस एकाच गेटमधून बारा वर्षं आत जातो, पण कागदावर तीन कंत्राटदार. पहिल्याने हुद्दा 'हेल्पर' लिहिला, कारण किमान वेतनाचा दर अकुशलचा लावायचा होता. दुसऱ्याने पीएफ मधले आठ महिने भरलाच नाही, त्यामुळे यूएएनच्या सर्व्हिस हिस्ट्रीत खिंडार. तिसरा अनुभवपत्र देतो, त्यात एकच ओळ: 'काम समाधानकारक'. ज्या मालकाने फिटरकडून काम करून घेऊन हेल्परचा पगार दिला, त्याचीच सही उद्या पात्रतेचा पाया होणार असेल, तर हा अन्याय दुसऱ्यांदा होईल. म्हणून फक्त वर्षं मोजणाऱ्या कुठल्याही योजनेला मी नाही म्हणेन.

रबाळे_मेंटेनन्स
ऐरोली, हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, आणि तो सगळ्यात मोठा आहे.

उपाय आजपासून करता येतो: स्वतःची कामाची वही. कंपनीचं लॉगबुक कंपनीकडे राहतं, म्हणून वेगळी शंभर पानी. प्रत्येक मोठ्या ब्रेकडाउनला अर्धं पान: तारीख, मशीनचं नाव व रेटिंग, तक्रार काय होती, आधीची रीडिंग, कुठली शक्यता कशामुळे बाद केली, काय बदललं, नंतरची रीडिंग. खाली शिफ्ट इनचार्जची सही, त्याच दिवशी. महिन्याने कुणी सही करत नाही. ड्रॉइंगचा फोटो काढायचा नाही, बहुतेक ठिकाणी तो नियमभंग ठरतो. 'बेअरिंग बदललं' एवढंच लिहिलं तर उपयोग शून्य. 'बेअरिंग ६३०९, बाहेरच्या रेसवर एकाच बाजूला खड्डे, कपलिंगचं अलाइनमेंट तपासलं, ०.३ मिमी बाहेर, ०.०५ वर आणलं' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला माणूस दिसतो. हुद्दा हेल्पर का असेना.

फॉल्ट_लेव्हल
वही मान्य. क्षेत्र आणि मुदत लिहिलेला कागद, तोही मान्य. वहीतल्या नोंदींवरच तोंडी परीक्षा घ्या, म्हणजे दुसऱ्याची वही आणणारा तिथेच पकडला जाईल.

माझी अट एकच. नवीन पॅनेल किंवा ट्रान्सफॉर्मरच्या कामावर सही करण्याचा अधिकार हवा असेल, तर सिंगल लाइन डायग्रामचा (वीजजोडणीच्या साध्या आराखड्याचा) कोरा कागद पुढे ठेवा आणि फॉल्ट करंट, केबलचा व्होल्टेज ड्रॉप, ब्रेकरची निवड हे हाताने करायला लावा. मराठीत विचारा, मराठीत उत्तर घ्या, कॅल्क्युलेटर द्या, कोष्टकं द्या, तीन तास द्या. ज्याला जमलं त्याच्या सहीला माझा विरोध नाही. आणि हीच परीक्षा बी.ई. झालेल्यालाही लावा.