बीएएसएलपीला जायचंय, पण मी स्वतः तोतरा बोलतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी 18 वर्षांचा आहे, पुण्यात पद्मावतीला राहतो. यंदा बारावी सायन्स झाली, नीटही दिली. एमबीबीएस मिळण्याइतके मार्क नाहीत आणि खरं सांगायचं तर मला ते नकोच होतं. मला बीएएसएलपी करायचंय, म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीची (ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या अडचणींवरच्या तपासणी-उपचारांची) पदवी. अडचण अशी की मी लहानपणापासून तोतरा बोलतो.

किती, ते सांगतो. स्वारगेटला बसमध्ये चढलो की कंडक्टरसमोर 'पद्मावती'तला 'प' निघत नाही. ओठ मिटतात ते मिटूनच राहतात, मान ताठ होते, मागचे लोक बघायला लागतात. म्हणून मी कित्येक वर्षं 'कात्रज' म्हणून पुढचं तिकीट काढायचो आणि पद्मावतीला उतरायचो. 'क' मला जमतो.

घरच्यांनी त्यांच्या परीने सगळं केलं. आजीने वेखंड उगाळून चाटवलं, कुणी जीभ जड आहे म्हणालं, कुणी हा घाबरट आहे म्हणालं. आठवीत असताना आईने एका हॉस्पिटलच्या स्पीच ओपीडीत नेलं. तिथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी माझ्यापुढे मराठीचं पुस्तक ठेवलं आणि म्हणाल्या, आपण दोघं एकदम वाचू. अख्खा परिच्छेद वाचला, एकदाही अडकलो नाही. मध्येच त्या हळूच थांबल्या. मी एकटा वाचत राहिलो आणि दोन ओळींनंतर अडकलो. मग त्यांनी आईला आत बोलावून सांगितलं की गाताना किंवा दुसऱ्याबरोबर एकदम तेच शब्द बोलताना बहुतेक तोतरी माणसं अडखळत नाहीत, याची जीभ आणि घसा ठणठणीत आहे, याला कुणी घाबरट म्हणू नका. आई तिथेच रडली. वर्षभर जात होतो. ओठ हलके टेकवून शब्द सुरू करायचा, अडकलं तर जोर लावायचा नाही, हे शिकलो. तोतरेपण गेलं नाही, त्याची भीती मात्र बरीच गेली. मला हेच काम करायचंय.

माहिती काढली ती अशी: सहा सत्रं म्हणजे तीन वर्षं, वर एक वर्षाची इंटर्नशिप. कॉलेजला भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची मान्यता हवी, आणि पदवीनंतर तिथे नोंदणी केल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. राज्याच्या सीईटी सेलमार्फत जायचं तर नीट लागते. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठात हा कोर्स आहे, पण ते अभिमत विद्यापीठ असल्याने प्रवेशाची प्रक्रिया त्यांची स्वतःची. मुंबईत नायर हॉस्पिटल आणि बांद्र्याची अली यावर जंग संस्था. म्हैसूरची आयश ही वाचा-श्रवण संस्था तर 1965 पासूनची, पण आई मला एवढ्या लांब पाठवायला तयार नाही.

आता खरा प्रश्न. प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या एका गृहस्थांकडे बाबांबरोबर गेलो होतो. मी नाव सांगतानाच अडकलो. ते बाबांकडे बघून म्हणाले, "हे बोलण्याचं काम आहे, ह्याला कसं जमणार? बीएस्सीला घाला." बाबा काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून घरात बीएस्सीच्या फॉर्मचीच चर्चा आहे.

मला भीती व्हायवाची म्हणजे तोंडी परीक्षेची नाही, शब्दांच्या यादीची आहे. स्पीच ऑडिओमेट्रीत, म्हणजे शब्द कितपत ऐकू येतात त्या चाचणीत, म्हणे ऑडिओलॉजिस्ट माइकवरून शब्द म्हणतो आणि पेशंट ऐकून तो परत म्हणतो. मी 'पाणी' म्हणायच्या ऐवजी 'प्प्प' करत बसलो तर ती चाचणी चुकणार ना? बसमध्ये मी शब्द बदलू शकत होतो, इथे यादीतला शब्दच म्हणावा लागणार. दुसरं म्हणजे, तोतऱ्या मुलाची आई माझ्यासारख्याच्या हाती तिचं मूल देईल का? काका म्हणतात अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढ, कोट्यातून मिळेल. ते खरं आहे का?

कुणी हा कोर्स केला असेल तर कृपया स्पष्ट सांगा. वाईट असलं तरी चालेल.

प्रतिसाद 1
तुझ्या वडिलांना हा धागा आधी वाचायला दे. बाकी जाणकार सांगतीलच.

प्रतिसाद 2
मी 14 वर्षं पुण्यात ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्या वर्गात एक तोतरा मुलगा होता, आज तो उत्तम काम करतोय.

शब्दांच्या यादीबद्दल आधी. रेकॉर्ड केलेली यादी वापरता येते आणि तीच जास्त विश्वासार्ह असते, कारण बोलणारा माणूस बदलला की निकालही थोडा बदलतो. स्वतः म्हणायची वेळ आलीच तर माइकचं बटण तुझ्या हातात असतं. अर्धवट गेलेला शब्द मोजायचा नाही, दुसरा द्यायचा. शिवाय ही एक चाचणी झाली. प्युअर टोनला, म्हणजे नुसत्या सुरांच्या श्रवणचाचणीला, 250 ते 8000 हर्ट्झचे सूर मशीन देतं, तू फक्त सूचना द्यायच्या. बेरात, म्हणजे कानापासून मेंदूपर्यंतचे संकेत मोजणाऱ्या चाचणीत, तर बाळ झोपलेलंच लागतं, तिथे कुणीच बोलत नाही.

अभ्यासाचं म्हणशील तर शरीररचना, ध्वनीचं भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, भाषाशास्त्र सगळंच असतं. 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च वेगळे, हे कानाने ओळखून लिहायला शिकशील. आवाजाकडे इतकी वर्षं लक्ष देत आलेल्या मुलाला ते जड जात नाही. अवघड जाईल ते क्लिनिक. परीक्षक मागे उभे असताना पालकांशी बोलायचं असतं. तिथे पहिल्याच वाक्यात सांगून टाक, "मी तोतरा आहे, मला थोडा वेळ लागेल." लपवण्यात जी ताकद जाते ती वाचते.

मुलांच्या आयांचं म्हणशील तर, अमेरिकेत हे शास्त्र उभं राहत होतं तेव्हा त्यातले दोन मोठे लोक, वेंडेल जॉन्सन आणि चार्ल्स व्हॅन रायपर, स्वतः तोतरे होते. व्हॅन रायपर यांनी 1936 मध्ये मिशिगनला क्लिनिक काढलं. लोक त्यांच्याकडे जातच होते.

सर्टिफिकेटच्या मागे लागू नकोस. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दोष आहे, पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढलेल्या किंवा अफेजिया झालेल्या (मेंदूच्या इजेने भाषा हरवलेल्या) लोकांसारखी, शारीरिक किंवा मेंदूच्या कारणाने आलेल्या कायमच्या दोषाची आहे. तोतरेपण सहसा त्यात बसत नाही.

एखाद्या शनिवारी ओपीडी बघायला ये. वडिलांनाही आण. निरोप टाक, पत्ता देते.

धागाकर्ता
ताई, निरोप टाकलाय. बाबांना वाचून दाखवायला बसलो, व्हॅन रायपरच्या 'प'ला अडकलो, तर त्यांनी फोन घेऊन पुढचं स्वतः वाचलं. शनिवारी येतो म्हणाले. आईचा एक प्रश्न राहिलाय: इंटर्नशिपच्या वर्षात विद्यावेतन मिळतं का? तुमच्या बॅचला होतं का?